हडपसरचा माळ आणि बंदुकीची नळी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें म्हणजे पुलगेट, घोडदौडीचें मैदान व भैरोबा नाला हीं ठिकाणें मागें पडतात, रामटेकडी व वैदुवाडी येतात, आणि मग हडपसर. शहराच्या मध्यापासून अंतर दोन-अडीच कोसांचें. परंतु या वाटेवर इतकी दाटी झाली आहे कीं, पूर्वीं हा सारा उघडा माळ होता हें सांगूनही खरें वाटूं नये. दरवर्षीं ज्येष्ठ वद्यांत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याचा मुक्काम हलवून याच रस्त्यानें येतात. हडपसरास विसावा घेतल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवड गांठते, तर तुकोबांची लोणी काळभोरची वाट धरते. एरवीं हडपसर म्हटलें म्हणजे मगरपट्ट्याच्या उंच इमारती, १९६६ सालीं स्थापन झालेली व आतां जगभर लस पुरविणारी सीरम इन्स्टिट्यूट, भाजीपाल्याचा बाजार आणि गाडीतळावरील वाहनांची रेटारेटी हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात.

प्रस्तुत लेखांत मात्र हें गांव निराळ्या निमित्तानें पाहावयाचें आहे. तें निमित्त म्हणजे बंदुकीच्या नळीचें माप, आणि तें माप मोठें करण्याची मनुष्याची हौस. घरांतील सर्व मंडळींनीं वाचावयाच्या मासिकांत असला विषय कशाला, असें कोणी वाचक म्हणतील. त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, ज्या देशांत जवळजवळ शंभर वर्षें कोणाच्या हातीं किती रुंद नळी द्यावी हें ठरविण्यांत परक्या राज्यकर्त्यांनीं आपली बुद्धि खर्च केली, त्या देशांत हा विषय केवळ शिकाऱ्यांचा व शिपायांचा राहत नाहीं. राज्यकर्त्यांचा प्रजेवर विश्वास किती होता, हें त्या नळीच्या व्यासावरून बरेंच उमगतें.

प्रथम हडपसरचा माळ पाहूं. इ. स. १८०२ च्या ऑक्टोबरच्या २५ तारखेस, ऐन दिवाळींत, यशवंतराव होळकर यांची फौज एका बाजूस आणि दुसरे बाजीराव पेशवे व दौलतराव शिंदे यांच्या फौजा दुसऱ्या बाजूस अशा या माळावर समोरासमोर आल्या. दौलतराव स्वतः उत्तरेकडे होते. त्यांच्या सैन्याचें आधिपत्य सदाशिव भास्कर यांजकडे होतें. दोन्ही पक्षांजवळ यूरोपियन पद्धतीची कवायत शिकलेल्या पलटणी होत्या आणि दोन्हींकडे तोफखाना होता. आरंभ तोफांच्या माऱ्यानें झाला; निकाल मात्र यशवंतरावांनीं स्वतः पुढें होऊन घातलेल्या घोडदळाच्या घाल्यानें लागला. बाजीरावसाहेब सिंहगडाकडे निघून गेले, तेथून कोंकणांत उतरले आणि अखेर इंग्रजांच्या आश्रयास वसईस जाऊन पोंचले. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला. मराठी राज्याच्या स्वातंत्र्यास खऱ्या अर्थानें ओहोटी लागली ती तेथपासून. म्हणजे हडपसरास झालेल्या एका दिवसाच्या लढाईची किंमत पुढें सर्व महाराष्ट्रास मोजावी लागली. जवळच वानवडीस महादजी शिंदे यांची छत्री आहे. कवायती पलटणींचें व तोफखान्याचें महत्त्व ज्यानें ओळखलें त्या पुरुषाचें देहावसान १७९४ सालीं येथेंच झालें. आणि अवघ्या आठ वर्षांनीं, त्याच्या समाधीपासून हांकेच्या अंतरावर, मराठ्यांच्या तोफा मराठ्यांवरच चालल्या.

त्या काळीं तोफेचें माप नळीच्या व्यासावरून सांगत नसत; तिच्यांत किती शेरांचा अथवा किती रत्तलांचा गोळा जातो यावरून सांगत. छऱ्याच्या बंदुकीस आपण 'बारा नंबरची' म्हणतों, तेंही याच रीतीचें अवशिष्ट होय. एक रत्तल शिशाचे सारखे बारा गोळे केले असतां त्यांतील एक ज्या नळींत नेमका बसेल ती बारा नंबरची. म्हणूनच वीस नंबरची बंदूक बारा नंबरच्या बंदुकीहून अरुंद असते, हें ऐकून नवख्या मनुष्यास नवल वाटतें. रायफलीचें माप मात्र इंचाच्या दशांशांत अथवा मिलिमीटरांत सांगतात. .३०३ ची रायफल म्हणजे जिच्या नळीचा व्यास एका इंचाच्या हजार भागांपैकीं तीनशें तीन भाग आहे ती.

आतां, अरुंद नळी रुंद करणें म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. मुलगा वाढीस लागला म्हणजे त्याच्या अंगरख्याची शिवण उसवून तो मोठा करतां येतो, कारण शिंप्यानें आंत कापड राखून ठेवलेलें असतें. नळीला अशी राखीव कड नसते. तिचें तोंड रुंद करावयाचें तर तिच्याच अंगचें पोलाद आंतून कोरून काढावें लागतें. म्हणजे गोळी जितकी मोठी होते तितकी तिला आवरणारी भिंत पातळ होते. काडतुसांतील दारूचा भडका उडतो त्या क्षणीं नळीच्या मागील कोठींत जो प्रचंड दाब उत्पन्न होतो, तो सहन करण्याचें काम त्या भिंतीस व मागून कोठी बंद करणाऱ्या खटक्यास करावें लागतें. या दोहोंपैकीं एकानें हार खाल्ली तर इजा सावजास होत नाहीं, नेम धरणाऱ्यास होते. या कारणास्तव अनेक सुधारलेल्या देशांत अशी फेरबदल केलेली बंदूक अधिकृत ठिकाणीं कसोटीस लावल्यावांचून कोणाच्याही हातीं देत नाहींत.

तरफेच्या शिकारी रायफलींत हा प्रश्न अधिकच नाजूक असतो. या रायफलींत चापाभोंवतीं असलेली लोखंडी कडी खालीं ओढून पुन्हां वर घेतली कीं रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवें काडतूस नळींत जातें. अमेरिकेंतील विंचेस्टर कंपनीची १८९४ सालची रायफल या जातीची सर्वांत प्रसिद्ध. तिच्यांत काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या नळींत एकामागें एक ओळीनें बसतात. त्यामुळें टोंकदार गोळी तींत वापरतां येत नाहीं, कारण एका गोळीचें टोंक पुढील काडतुसाच्या बुडाशीं टेंकतें आणि धक्क्यानें तें उडण्याची भीति असते. जॉन ब्राउनिंग या कुशल कारागिरानें १८९५ च्या नमुन्यांत काडतुसांची पेटी नळीखालीं न ठेवतां चापाच्या पुढें बसविली, आणि १९०४ सालीं त्याच रायफलीसाठीं .४०५ चें दांडगें काडतूस निघालें. बंगळूरचे शिकारी व लेखक केनेथ अँडरसन यांनीं दक्षिणेंतील नरभक्षक वाघांच्या व बिबट्यांच्या मागें ज्या रायफलीनिशीं अरण्यें तुडविलीं, ती हीच. उलट जिम कॉर्बेट यांनीं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ सालीं मारला तो .२७५ च्या सडपातळ रायफलीनें. तेव्हां पराक्रम नळीच्या रुंदीवर अवलंबून नसतो, हें जाणत्या शिकाऱ्यांस पूर्वींच कळून चुकलें होतें.

तरीही रुंद नळीचा मोह सुटत नाहीं. अलास्कांतील हॅरोल्ड जॉन्सन यांनीं विंचेस्टरच्या .३४८ च्या तरफेच्या रायफली .४५० च्या करून दिल्या; तेथील अजस्र तपकिरी अस्वलापुढें मूळचें काडतूस अपुरें वाटे. त्यांची युक्ति अशी कीं, मूळ पुंगळीचें बूड तसेंच राखून फक्त तिचें अंग व मान फुगविली. बूड तेंच राहिल्यामुळें खटक्यास व तरफेस नवें कांहीं शिकावें लागलें नाहीं. आणि मूळ रायफलच भक्कम असल्यामुळें ती हा भार सोसूं शकली. म्हणजे फेरबदल साधला तो जेथें मूळच्या बांधणींत सामर्थ्य शिल्लक होतें तेथेंच. आपल्याकडे १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ईशापूरच्या कारखान्यानें ली-एन्फील्ड जातीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठीं काढली, तेव्हां नळीचा व्यास जवळजवळ तोच असूनही काडतुसाचा दाब अधिक म्हणून पोलाद अधिक चांगलें वापरावें लागलें. व्यास दिसतो, दाब दिसत नाहीं. आणि न दिसणाऱ्याचाच हिशेब आधीं करावा लागतो.

हे झाले सामर्थ्य वाढविण्यासाठीं केलेले बदल. परंतु हिंदुस्थानांत नळी रुंद करण्याचा जो मोठा उद्योग झाला, तो सामर्थ्य कमी करण्यासाठीं झाला, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असेल. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल .५७७ ची होती. तिच्या काडतुसांस लाविलेल्या चरबीवरून १८५७ सालीं काय झालें, हें मुलांसही माहीत आहे. त्या रायफलीच्या नळींत आंतून पीळदार खांचा असत. त्या खांचांमुळें गोळीस गिरकी मिळे, आणि गिरकीमुळें ती दूरवर सरळ जाई. बंडाचा बीमोड झाल्यावर सरकारनें ठरविलें कीं, हें हत्यार देशी शिपायाच्या हातीं असूं नये. मग त्याच घाटाच्या बंदुका देशी पलटणींसाठीं तयार करण्यांत आल्या. मात्र त्यांच्या नळ्या.६५६ इतक्या रुंद व आंतून गुळगुळीत ठेविल्या. बाहेरून पाहणाऱ्यास ती एन्फील्डच वाटे. किंबहुना तिचें तोंड अधिक मोठें म्हणून ती अधिक भयंकरही वाटत असेल. परंतु शेंकडों यार्डांवरचा नेम गेला. शंभर-दीडशें यार्डांपलीकडे तिच्यावर भरंवसा ठेवण्यांत अर्थ उरला नाहीं. शिपायाच्या खांद्यावरचें ओझें तेंच राहिलें, आणि त्या ओझ्यांतील जीव तेवढा काढून घेतला.

पुढें गोऱ्या पलटणींस तरफेची मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हां देशी पलटणींस स्नायडर मिळाली. गोऱ्यांस नवी रायफल आली तेव्हां देशी शिपायांस मार्टिनी. एक पिढी मागें ठेवण्याचा हा क्रम कटाक्षानें पाळला गेला. मैदानी तोफखाना तर जवळजवळ सर्वस्वीं गोऱ्यांच्या हातीं राहिला; देशी जवानांचा पहिला मैदानी तोफखाना बंगळूर येथें उभा राहावयास १९३५ साल उजाडावें लागलें. हडपसरच्या माळावर ज्यांचे पूर्वज तोफा डागीत होते त्यांना मैदानी तोफेस पुन्हां हात लावावयास कित्येक पिढ्या वाट पाहावी लागली.

तोच प्रकार पोलीस व तुरुंगांच्या शिपायांचा. .३०३ च्या ली-एन्फील्ड रायफली घेऊन त्यांच्या नळ्या .४१० पर्यंत कोरून गुळगुळीत केल्या, काडतुसांची पेटी बुजविली आणि एका वेळीं एकच काडतूस भरावें अशी व्यवस्था केली. याच त्या '४१० मस्केट'. तिचें काडतूसही मुद्दाम वेगळें; .३०३ च्या पुंगळीची निमुळती मान काढून ती सरळ केलेली. नळीच्या तोंडाचें क्षेत्रफळ पाहिलें तर तें मूळच्या पावणेदोन पटींहून अधिक झालें. आणि हत्यार मात्र दूर पल्ल्याच्या रायफलीचें जवळच्या पहाऱ्याची बंदूक बनलें. जमावापुढें उभ्या राहणाऱ्या शिपायाच्या गोळीनें फर्लांगभर पलीकडील निरपराध मनुष्य मरूं नये, हा त्यांतील एक लाभ होता हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. स्वातंत्र्यानंतरही या मस्केटी देशांतील पोलिसांत पुष्कळ वर्षें नांदल्या. आज रामटेकडीस राज्य राखीव पोलीस दलाचीं ठाणीं आहेत. तेथून जातां येतां दिसणारा जवान आधुनिक स्वयंचलित रायफल बाळगतो. त्याच्या हातांतील नळी कोणी अविश्वासानें कोरलेली नाहीं, एवढा फरक पडावयास राज्य आपलें व्हावें लागलें.

नळीचें माप कायद्यानें कसें बदलतें, याचेंही एक मौजेचें उदाहरण आहे. मार्टिनी-हेन्रीचें माप .४५०. तिचीं काडतुसें सरकारविरोधी टोळ्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानांत व सुदानांत .४५० च्या शिकारी रायफलींस बंदी झाली. विलायतेंतील कारागिरांनीं काय केलें? त्यांनीं नळी किंचित् रुंद केली, आणि .४६५, .४७० व .४७५ अशीं नवीं मापें बाजारांत आणलीं. हत्तीच्या व रानरेड्याच्या शिकारीसाठीं नामांकित झालेली .४७० ची दुनळी ही अशी बंदीच्या पोटीं जन्मली. स्वतंत्र भारतांत त्याचीच पुनरावृत्ति लहान प्रमाणावर झाली. .३०३ हें लष्करी माप म्हणून तें खाजगी परवानेदारास वर्ज्य; तेव्हां सरकारी कारखान्यांत ली-एन्फील्डच्याच धर्तीवर .३१५ ची शिकारी रायफल तयार होऊं लागली. दोन्ही मापांतील फरक किती? एका इंचाच्या हजार भागांपैकीं बारा भाग. म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटरही नव्हे. शेतकऱ्याची पीकराखणीची रायफल आणि शिपायाचें हत्यार यांमधील सारी सीमारेषा एवढ्याशा अंतरांत मावली आहे.

हडपसरच्या उत्तरेस लागूनच मुंढवा आहे. तेथें १९६१ सालीं स्थापन झालेल्या भारत फोर्ज या कारखान्यानें पोलादाच्या ओतीव नव्हे तर घडीव कामांत मोठें नांव मिळविलें आहे. तापलेल्या पोलादाचा ठोकळा घणाखालीं चेपला म्हणजे त्याचे आंतील कण दाट व एकजीव होतात. तोफेच्या नळीस हाच गुण हवा असतो. पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेनें आखलेल्या १५५ मिलिमीटरच्या नव्या ओढतोफेच्या निर्मितींत हा कारखाना आरंभापासून सहभागी आहे. या तोफेची नळी '५२ कॅलिबर' लांब आहे, म्हणजे तिच्या तोंडाच्या व्यासाच्या बावन्न पट. हिशेब केला तर ती आठ मीटरांहून किंचित् अधिक भरते. १५ ऑगस्ट २०२२ रोजीं लाल किल्ल्यावरील सलामींत हिचा आवाज प्रथम घुमला, आणि मार्च २०२५ मध्यें अशा ३०७ तोफांचा करार झाला.

याच सुमारास जुन्या नळीच्या जागीं रुंद नळी बसविण्याचा आपल्या देशांतील सर्वांत मोठा प्रयोगही झाला. सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या १३० मिलिमीटरच्या मैदानी तोफा १५५ मिलिमीटरच्या करण्याचें काम २०१८ सालीं सरकारी कारखान्यांस मिळालें, आणि २०२० सालीं पहिली सुधारलेली तोफ सैन्याच्या स्वाधीन झाली. तिचें नांव 'शारंग'. पल्ला सुमारें २७ किलोमीटर होता, तो ३६ किलोमीटरांच्या पलीकडे गेला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुनी नळी कोरून रुंद केली नाहीं. ती काढून टाकून नवी, जाड व लांब नळी बसविली, तिला साजेसा मागचा भाग घडविला, आणि गाडा जुना राखून त्याची ताकद मात्र पुन्हां तपासली. १८५८ च्या बंदुकींत आणि २०२० च्या तोफेंत नळी दोन्ही वेळां रुंद झाली; पण पहिल्या वेळीं कारागिरास मनुष्य दुबळा करावयाचा होता, दुसऱ्या वेळीं त्यास बळ द्यावयाचें होतें.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वडिलोपार्जित बंदूक असेल. कोणाची कोंकणांतील वाडीवर डुकरांसाठीं ठेवलेली ठासणीची, कोणाची इनामदारीच्या काळची दुनळी. तिच्याविषयीं दोन शब्द सांगून हें लांबलेलें प्रवासवर्णन आटोपतें घेतों. १८७८ चा शस्त्रांचा कायदा जाऊन त्या जागीं १९५९ चा आपला कायदा आला. त्यानुसार बंदूक बाळगण्यासच नव्हे, तर ती दुरुस्त करण्याच्या, तिच्यांत फेरबदल करण्याच्या अथवा ती कसोटीस लावण्याच्या धंद्यासही परवाना लागतो. तेव्हां हडपसरच्या औद्योगिक वसाहतींत लेथ चालविणारा कितीही निष्णात कारागीर ओळखीचा असला, तरी आजोबांची बंदूक त्याच्याकडे नेऊन नळी मोठी करून आणण्याचा विचार कोणीं मनांतही आणूं नये. परवानेदार निवर्तल्यास वारसांनीं स्वतःच्या नांवें परवाना मागावा, नाहीं तर ती बंदूक पोलीस ठाण्यांत किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे ठेव म्हणून द्यावी. शिकारीचें म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो शौक संपला; ज्या वाघासाठीं रुंद नळ्या घडविल्या त्यालाच आतां राखावें लागत आहे. शुक्रवार पेठेंतील राजा केळकर संग्रहालयांत जुन्या बंदुका व नक्षीदार बारूददाण्या मांडून ठेवल्या आहेत. मुलांना एखाद्या रविवारीं तेथें न्यावें; आणि वेळ असल्यास तसेंच पुढें वानवडीच्या छत्रीवरून हडपसरास जाऊन, आज जेथें इमारतींची दाटी आहे तेथें एका दिवाळींत काय झालें, तें त्यांस तेथेंच उभें राहून सांगावें.